काळ्या मातीची भट्टी

प्रश्न : शेतावरच्या घरामागे पाव भाजायला मातीची घुमटाकार भट्टी बांधली. माती रानातलीच, काळी. आठ दिवस वाळवून जाळ केला, तर माथ्यापासून दारापर्यंत बोट जाईल एवढा तडा गेला. शिवाय जाळ आत गुदमरतो. गवंडी म्हणतो, सिमेंट लिंपा. लिंपू का?
– एक वाचक, श्रीगोंदा

उत्तर : नका लिंपू. भिंतीच्या कामात गवंड्याचा हात कोणी धरणार नाही, पण इथे गाठ जाळाशी आहे. त्या आचेत सिमेंट ठिसूळ होतं, आणि त्याचं फुगणं-आकसणं मातीसारखं नसतं. महिन्याभरात पोपडे निघून पावावर पडतील.

दोष मातीचा आहे. चैत्र-वैशाखात तुमच्या रानाला पाय अडकेल अशा भेगा पडतात ना? तीच माती तुम्ही घुमटावर चढवलीत. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. माझीही पहिली भट्टी अशीच गेली. सासूबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. तडा गेल्यावर म्हणाल्या, "काळी पिकाला, पांढरी घराला. चुलीला आम्ही गावठाणातली पांढरीच आणायचो." आधी का नाही सांगितलंत, विचारलं, तर म्हणे, "तू विचारलंस कुठं?"

पांढरी मिळाली तर उत्तमच. काळीच वापरायची तर ओढ्याची खरखरीत वाळू हात सैल सोडून घाला. किती, हे माती पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. माती दोन दिवस भिजवा, तुडवा आणि तीन छोट्या विटा पाडा : एक भाग मातीला एक, दोन आणि तीन भाग वाळू. सावलीत सुकू द्या. जी तडकत नाही आणि नखाने भुगाही होत नाही, ते प्रमाण धरा. गारा चकलीच्या पिठाहून घट्ट हवा. छातीच्या उंचीवरून गोळा टाकला तर तो पसरू नये, फुटू नये.

घुमटाचा साचा म्हणून ओल्या वाळूचा ढीग करून त्यावर भिजलेलं वर्तमानपत्र लावा. पहिला थर सात-आठ सेंटीमीटरचा, नुसत्या माती-वाळूचा. यात भुसा नको, तो जळून माती पोकळ होते. भुसा आणि शेण बाहेरच्या थरात, तिथे ते ऊब धरून ठेवतात.

गुदमरण्याचं कारण बहुतेक दार. आतून घुमट 40 सेंटीमीटर उंच असेल तर दार 25 च्या आसपास हवं. बुटकं केलं की धूर कोंडतो, उंच केलं की आच निघून जाते.

आणि आठ दिवस फार कमी. आतली वाळू काढल्यावर रोज मूठभर काटक्यांचा जाळ करत राहा. भिंतीतली ओल गेल्याशिवाय मोठं लाकूड घालू नका. केसासारख्या भेगा पडतीलच, त्या ओल्या करून त्याच गाऱ्याने बुजवा.

मोडलेली भट्टी फेकू नका. बाहेरची माती पुन्हा भिजते. आतला लाल झालेला पापुद्रा मात्र भिजणार नाही. तो कुटून चाळा आणि नव्या गाऱ्यात वाळूच्या जागी घाला, त्याने माती कमी आकसते.