दहा वर्षांनी पुन्हा वाचायला लागायचंय, दिवाळीपर्यंत कोणत्या मराठी कादंबऱ्या वाचू?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात 'ययाति', 'मृत्युंजय', 'स्वामी' झाल्या, त्यानंतर दहा वर्षं काही नाही. आता जूनपासून रोज रात्री अर्धा तास काढणार आहात आणि सुरुवात भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू'पासून करायची म्हणताय.

'हिंदू' आत्ता नको. कादंबरी थोरच आहे, पण पानं सहाशेच्या घरात आणि निवेदन सरळ चालत नाही. मोहेंजोदडोच्या उत्खननावर सुरू झालेलं खानदेशातल्या घरात शिरतं, तिथून कुठल्या पिढीत जाईल सांगता येत नाही. वाचायची सवय मोडलेला माणूस साधारण ऐंशीव्या पानावर थांबतो. खरं नुकसान त्याच्या पुढे होतं. 'आधी हे संपवू' म्हणत तो दुसरं पुस्तकही उघडत नाही, आणि पावसाळा तसाच जातो.

आधी हिशोब करा. अर्ध्या तासात 12 ते 15 पानं होतात, म्हणजे महिन्याला चारशेच्या आसपास. पाच महिन्यांत कागदावर दोन हजार. त्यातून गणपती, पाहुणे, ऑफिसची ओढाताण वजा करा, चौदाशे-पंधराशे उरतात. दिवाळी अंक घरात आले की कादंबरी मागे पडते, तेव्हा मुदत दिवाळीच्या आठवडाभर आधीची धरा.

सुरुवात 'बनगरवाडी'ने करा (व्यंकटेश माडगूळकर, 1955). दीडशे पानांच्या आतली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर पोरसवदा मास्तर येतो आणि शाळेत पोरंच नसतात, कारण ती मेंढरांमागे गेलेली. वाक्यं इतकी आखूड आणि स्वच्छ आहेत की मोडलेली सवय इथे आपोआप जुळते. कथानकाची वाट बघू नका. एकेक माणूस येतो, बसतो, बोलतो, जातो. कादंबरी तशीच चालते. 'पुढे काय होणार' म्हणून वाचलीत तर अर्ध्यात कंटाळाल.

मग 'रणांगण' (विश्राम बेडेकर, 1939). युरोपातून निघालेली बोट, तीवर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, आणि त्यांच्यातल्या हॅर्टावर जीव जडलेला आपला चक्रधर. हीही लहान आहे, पण पाच-पाच पानं करून वाचू नका. शनिवार-रविवार मोकळा ठेवा. मलपृष्ठ आणि प्रस्तावना शेवटी वाचा, शेवट तिथेच फुटण्याचा धोका असतो. प्रेमाचं प्रकरण नको असेल तर 'रारंगढांग' घ्या (प्रभाकर पेंढारकर, 1981): हिमालयाच्या कड्यात रस्ता काढायला गेलेला मुंबईकडचा इंजिनिअर आणि लष्करी शिस्त यांची झटापट. तांत्रिक तपशील भरपूर आहे, तरी कुठे अडत नाही.

जुलैअखेर ते ऑगस्ट बोलीतल्या कादंबऱ्यांना द्या. बहुतेक लोक इथेच गळतात आणि पुस्तकाला दोष देतात. 'पाचोळा' (रा. रं. बोराडे, 1971) आणि 'धग' (उद्धव शेळके, 1960) याच क्रमाने घ्या. 'पाचोळा' सबंध मराठवाड्याच्या बोलीत आहे. पारबती सांगते आणि आपण तिच्या ओसरीवर बसून ऐकतो. पुस्तक लहान आहे, म्हणून कान तयार करायला हेच बरं. 'धग'मध्ये माणसं वऱ्हाडी बोलतात, पण कादंबरी 'पाचोळा'हून मोठी आणि सोसायला जड. दोन्ही घरं शिंप्याची, दोन्हीकडे वाताहत. पण पारबती नवऱ्याची पडझड बघत राहते, तर 'धग'मधली कौतिक संसार अंगावर घेऊन रेटते. लागोपाठ वाचल्या की हा फरक नीट दिसतो.

बोली अडली तर पहिली वीस पानं मोठ्याने वाचा. पुटपुटून नव्हे, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं. डोळा छापील 'मले', 'तुले'वर अडखळतो, कान अडखळत नाही. वऱ्हाडीचे तीनच ठोकताळे लक्षात ठेवा. एक, 'ला'च्या जागी 'ले': मले म्हणजे मला, पोराले म्हणजे पोराला. दोन, 'ळ'चा पुष्कळदा 'य' होतो, म्हणून डोळा तो डोया आणि काळा तो काया. तीन, 'करून राहिला' म्हणजे 'करतोय'. 'काहून' म्हणजे 'का', हे संदर्भाने कळतंच. प्रत्येक शब्दाला कोश उघडलात तर संवादाची लय तुटेल. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि पुढे चला. दहापैकी सात शब्द पुढच्या दोन पानांत उलगडतात.

'धग' संपल्यावर आठवडाभर दुसरं जड काही घेऊ नका. पु. शि. रेग्यांची 'सावित्री' (1962) वाचा. छोटी, सगळी पत्रांत, तीही एकाच बाजूची. समोरच्याने काय लिहिलं असेल ते आपण ताडायचं. रोज थोडी पत्रं पुरतात.

सप्टेंबरमध्ये 'कोसला' (1963). नेमाडे वाचायचेच आहेत ना, मग इथून. पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात येतो, होस्टेल, मेस, गॅदरिंगची भानगड... सुरुवातीला 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांचा मारा वैताग आणतो. तो हेतूने आहे: मोठं बोलायची भीती वाटणाऱ्या पोराने प्रत्येक वाक्याला लावलेली पळवाट. हे ध्यानात आलं की हसू येतं. पांडुरंगच्या बहिणीच्या, मनीच्या प्रकरणापर्यंत सोडू नका. त्याआधी सोडलेल्या माणसाचं 'कोसला'बद्दलचं मत मी तरी धरत नाही. तिथे हीच थट्टेखोर भाषा अचानक काय पेलते ते बघा.

ऑक्टोबरला आजचं काही हवं तर नंदा खरे यांची 'उद्या' (2014). 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि लेखकाने तो नाकारला. पाळत, माहितीचा व्यापार, कंपन्यांची सत्ता असा विषय आहे. पात्रं बरीच, धागे वेगवेगळे. सलग वाचा, आठवड्याचा खाडा पडला तर मागे जावं लागेल. गावाकडचंच पुढे हवं असेल तर 'झाडाझडती' (विश्वास पाटील, 1991), धरणाखाली गेलेल्या गावाची. जाड आहे, पण पळते.

'तुंबाडचे खोत' मात्र डिसेंबरला ठेवा. दोन खंड, हजारावर पानं, कोकणातल्या जगबुडी नदीकाठच्या खोतांच्या पिढ्या. पहिल्या दिवसापासून एका कागदावर वंशावळ मांडत जा, नाहीतर दुसऱ्या खंडात कोण कोणाचा नातू हेच शोधत बसाल. 'तुंबाड' सिनेमा बघून घेणार असाल तर थांबा: नाव सोडलं तर त्या गोष्टीचा इथे पत्ता नाही.

सगळ्या विकत घेऊ नका. 'बनगरवाडी', 'कोसला' घरात असाव्यात. बाकीच्या वाचनालयातून आणा, परतीची तारीख असली की पानंही हलतात. जुनी प्रत घेताना काउंटरवरच शेवटची दहा पानं जागेवर आहेत ना ते बघा. फुटपाथवरच्या स्वस्त नकली प्रतीत सोळा पानांचा एखादा फर्मा (एकत्र छापून दुमडलेला गठ्ठा) गळालेला किंवा दोनदा शिवलेला निघतो. पानांचे आकडे 16-16 ने तपासा, दोन मिनिटं लागतात.