व्हिडिओ एडिटरमध्ये टाकलेले फोटो अंधुक का दिसतात?

मूळ फोटो स्वच्छ आहे आणि टाइमलाइनवर (एडिटरमधली क्लिप्स मांडायची पट्टी) टाकल्यावरच अंधुक दिसतोय, तर आधी प्रिव्ह्यूची, म्हणजे एडिट करताना दिसणाऱ्या चित्राची क्वालिटी बघा. कॉम्प्युटरवर ताण येऊ नये म्हणून बरेच एडिटर ती अर्ध्यावर किंवा पाववर ठेवतात. ‘फुल’ करून बघा. बऱ्याच लोकांचं काम इथेच होतं.

तरीही अंधुकच? मग क्लिपचा स्केल, म्हणजे फोटो किती टक्के मोठा केलाय ते तपासा. प्रोजेक्ट १९२०×१०८० चा आणि फोटो ८००×६०० चा असेल, तर रुंदी भरायला तो २४० टक्के ताणावा लागतो. नसलेले पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, त्यामुळे कडा विरघळल्यासारख्या दिसतात. त्यावर शार्पन मारत बसू नका, चेहरे आणखी विद्रूप होतात. मोठ्या आकाराचा मूळ फोटो मिळवा. व्हॉट्सॲपवरून मागवत असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो कॉम्प्रेस होऊन, म्हणजे क्वालिटी कमी होऊनच येतो. फोटोवर झूम देणार असाल तर फ्रेमपेक्षा दीडपट-दुप्पट मोठाच घ्या.

एडिटरमध्ये छान आणि एक्सपोर्टनंतरच खराब, असं असेल तर बहुतेक बिटरेट (दर सेकंदाच्या व्हिडिओसाठी वापरला जाणारा डेटा) कमी पडतोय. १०८० पी, सेकंदाला ३० फ्रेम्ससाठी यूट्यूब ८ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) सुचवतं. मी थोडा जास्तच ठेवतो. आणि हो, एक्सपोर्टचं रिझोल्यूशन चुकून ७२० पी राहिलं नाही ना, तेही बघा.