मॉर्मन बायबल मानतात, मग घोडं अडतं कुठे?

प्रश्न असा आहे: मॉर्मन मंडळी (जोसेफ स्मिथने अमेरिकेत स्थापलेल्या पंथाचे लोक) बायबल वाचतात, येशूला तारणारा म्हणतात, तरी बाकीचे ख्रिस्ती त्यांना आपल्यात का धरत नाहीत? वर एकांनी ‘त्यांचं बायबलच वेगळं’ असं लिहिलंय. तसं नाही. इंग्रजी बोलणारे मॉर्मन मुख्यतः किंग जेम्स हे इंग्रजी भाषांतरच वापरतात, जे प्रोटेस्टंटांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचलंय.

खरी मेख १८४२ सालच्या एका वाक्यात आहे. जोसेफ स्मिथने आपल्या श्रद्धा तेरा कलमांत मांडल्या. त्यातलं आठवं कलम सांगतं की बायबल हे देवाचं वचन आहे, पण त्याचं भाषांतर जिथवर बरोबर झालंय तिथवरच; आणि मॉर्मनचा ग्रंथ (स्मिथने प्रसिद्ध केलेलं मॉर्मनांचं वेगळं शास्त्र) हेही देवाचं वचन आहे. अट पहिल्याला घातली, दुसऱ्याला नाही!

आता भाषांतराची काळजी कोणाला नसते? आधीचं मराठी बायबल साध्यासुध्या बायकांना उमजेना, म्हणून केडगावात पंडिता रमाबाईंनी थेट हिब्रू-ग्रीकवरून नवं भाषांतर केलं. शंका आली की मूळ भाषेकडे आणि जुन्या हस्तलिखितांकडे जायचं, ही मुख्य प्रवाहातल्या ख्रिस्त्यांची रीत. स्मिथने १८३० ते १८३३ या काळात बायबल ‘दुरुस्त’ केलं ते तशी हस्तलिखितं न धुंडाळता, देवाकडून प्रकटीकरण मिळतंय या दाव्यावर. बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या ५० व्या अध्यायात त्याने भविष्यवाणी घातली, की पुढे योसेफ नावाचा द्रष्टा येईल आणि त्याच्या बापाचं नावही योसेफच असेल. योसेफ म्हणजेच इंग्रजीतला जोसेफ; स्मिथच्या वडिलांचं नावही जोसेफ होतं, हे सांगायला नकोच. बायबलमधलं गीतरत्न हे पुस्तक तर ईश्वरप्रेरित नाही, असा शेराच त्याने मारला. यूटाचं मुख्य मॉर्मन चर्च आजही ही दुरुस्त आवृत्ती मूळ मजकुराच्या जागी वापरत नाही. तिच्यातले उतारे तळटीपांत आणि परिशिष्टात देतं.

मॉर्मनच्या ग्रंथात असंही म्हटलंय की बायबलमधून अनेक स्पष्ट, मौल्यवान गोष्टी काढून टाकल्या गेल्या. इथे मला मुख्य प्रवाहाची बाजू भक्कम वाटते. पाठभेद भरपूर आहेत, मार्कच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या बारा ओव्या मुळातल्या नसाव्यात हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. पण १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहेत बायबलमधल्या यशया या पुस्तकाची गुंडाळी सापडली. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षं जुनी, तरी मजकूर बराचसा तोच. अख्खे सिद्धांत गाळल्याची खूण त्यात दिसत नाही.

उलट ‘यात कोणी भर घालू नये’ ही बायबलच्या शेवटच्या, ‘प्रकटीकरण’ नावाच्या पुस्तकातली (अध्याय २२) ओवी मॉर्मनांच्या तोंडावर फेकू नका. तो इशारा त्या एका पुस्तकापुरता आहे हे त्यांचं उत्तर बरोबर आहे. बायबलच्या सुरुवातीच्या भागातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातही (४:२) तसाच इशारा आहे. तो सर्वांना लावला तर पुढचं अर्धंअधिक बायबल बाद होईल.

मोठा फरक पुढेच आहे. मॉर्मनांचं शास्त्र उघडं आहे, म्हणजे त्यात अजूनही भर पडू शकते. बायबल, मॉर्मनचा ग्रंथ, ‘सिद्धांत आणि करार’ आणि १८८० मध्ये मान्यता मिळालेला ‘मौल्यवान मोती’ असे चार ग्रंथ, शिवाय जिवंत संदेष्टा. बहुपत्नीत्व थांबवण्याची १८९० ची घोषणा आणि कृष्णवर्णीयांना याजकपद खुलं करणारी १९७८ ची घोषणा, दोन्ही आज त्यांच्या शास्त्रात छापलेल्या आहेत. कॅथलिकांनी मात्र १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत पुन्हा सांगितलं की ख्रिस्ताच्या पुनरागमनापर्यंत नवं सार्वजनिक प्रकटीकरण होणार नाही.

पण मुख्य प्रवाह तरी एकमुखी कुठे आहे? प्रोटेस्टंटांची पुस्तकं ६६, कॅथलिकांची ७३. ‘फक्त शास्त्र’ हे ब्रीद प्रोटेस्टंटांचं. कॅथलिक शास्त्राबरोबर पवित्र परंपराही धरतात आणि अर्थ लावण्याचा अधिकार चर्चकडे ठेवतात. तरी दोघेही बायबल वाचतात ते ३२५ च्या निकेआ इथल्या धर्मपरिषदेपासून घडत गेलेल्या त्रैक्याच्या श्रद्धेतून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या श्रद्धेतून. मॉर्मन त्या परिषदांचा अधिकार मानत नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा त्यांच्या लेखी तीन वेगळ्या व्यक्ती, हेतूने एक. २००१ मध्ये व्हॅटिकनने मॉर्मन बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला तो याच कारणाने. जादा ग्रंथांचा मुद्दा तिथे मुख्य नव्हता.