छोट्या गटाने जपान: शहरं किती, खेडी किती?

जपानच्या सहलीबद्दल सोलापूरच्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमचा बारा जणांचा गट आहे. एका कंपनीच्या सहलीत सहा शहरं आहेत. दुसरीच्या सहलीत चार शहरं आणि दोन खेडी, पण दर जास्त. कोणती घ्यावी?
– एक वाचक, जुळे सोलापूर

खेड्यांची घ्या. मात्र तिथे मुक्काम आहे की धावती भेट, हे आधी विचारा. टाकायामा या डोंगरातल्या शहराहून शिराकावा-गो हे खेडं बसने ५० मिनिटांवर आहे. त्यामुळे पुष्कळ कंपन्या दोन तासांत गाव दाखवतात आणि पुढे निघतात. ते दोन तास गर्दीतच जातात. संध्याकाळी शेवटच्या बसेस गेल्यावर गाव मोकळं होतं, आणि बघायचं असतं ते तेव्हाच. तिथल्या घरगुती मुक्कामाच्या घरांत मोजक्याच खोल्या असतात. चाळीस जणांचा गट तिथे उतरूच शकत नाही, बारा जण मात्र दोन-तीन घरांत मावतात. छोट्या गटाचे जादा पैसे वसूल होतात ते इथे.

अकरा रात्रींचा चांगला क्रम असा: टोकियो ३, नागोयामार्गे किसो खोऱ्यातलं मागोमे १, टाकायामा २, शिराकावा-गो १, कानाझावा १, क्योतो ३. परतीचं विमान ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून घ्या. पुन्हा टोकियोला आलात तर बुलेट ट्रेनचे माणशी सुमारे १४ हजार येन आणि अर्धा दिवस वाया जातो.

‘जपान रेल पास समाविष्ट’ असं लिहिलेलं असेल तर हिशेब मांडा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५० हजारांवर गेला. वरच्या मार्गाची सुटी तिकिटं त्याहून बरीच स्वस्त पडतात. शिवाय शिराकावा-गोच्या बसला हा पास चालतच नाही. आणखी एक: मार्च २०२४ पासून कानाझावा ते क्योतो थेट गाडी नाही, त्सुरुगाला उतरून बदलावी लागते. कार्यक्रमपत्रिकेत अजून थेट गाडी छापलेली असेल, तर तुमच्या हाती जुनीच पत्रिका दिलेली आहे.

पॅकेजवरचा टीसीएस, म्हणजे कंपनी आधीच घेते तो कर, दरपत्रकात वेगळा दाखवून घ्या आणि पॅन नंबर नीट द्या. ती रक्कम विवरणपत्र भरताना आयकरात वळती करता येते.

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चादरीचे माग. जपानमध्ये मागावरचं काम बघायला मिळेल का? की सगळी देवळंच?
– एक वाचक, अशोक चौक

मिळेल, आणि मागाच्या घरातल्या माणसाने ते चुकवू नये. नागोयात टोयोटाचं उद्योग आणि तंत्रज्ञानाचं संग्रहालय आहे, जुन्या कापडगिरणीच्याच जागेवर. मोटारींच्या आधी टोयोदा घराण्याचा धंदा मागांचा होता. साकिची टोयोदांचा १९२४चा ‘जी’ स्वयंचलित माग धावता असतानाच धोटा (आडवा धागा नेणारी नळी) बदलतो, आणि ताण्याचा एक उभा धागा तुटला तरी आपोआप थांबतो. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. संग्रहालयातले कर्मचारी हातमागापासून पुढचे माग चालवून दाखवतात. चाती, धोटा, वही यांतलं काय कशासाठी, हे तुम्हाला दुभाष्याशिवाय कळेल. नागोयाहून मेइतेत्सु रेल्वेने साको हे पुढचंच स्टेशन, तिथून काही मिनिटं चालत. सोमवारी बंद असतं, म्हणून नागोयाचा दिवस ठरवताना वार बघा. निदान अडीच तास ठेवा.

क्योतोत निशिजिन हा विणकरांचा भाग. जॅकार्ड (नक्षीसाठी धागे आपोआप उचलणारं यंत्र) येण्याआधी तिथे मागाच्या वर एक माणूस बसून ताण्याचे धागे ओढायचा आणि खाली विणकर धोटा टाकायचा. १८७२ मध्ये निशिजिनच्या तिघांना फ्रान्समधल्या लियोंला पाठवलं गेलं आणि जॅकार्ड तिथे आला. त्सुझुरे नावाच्या विणीत कारागीर नखांना करवतीसारखे दाते पाडतात आणि त्या नखांनी बाण्याचा धागा ओढून बसवतात. हे जवळून बघायला मिळालं तर हातांकडे बघा, कापडाकडे नंतर.

शिराकावा-गोचाही धाग्याशी संबंध आहे. तिथल्या गवती छपराच्या उंच घरांचे वरचे मजले रेशमाचे किडे पाळायला वापरायचे. छप्पर सुमारे ६० अंशांनी उतरतं ते बर्फ घसरून पडावं म्हणून, आणि त्या उतारामुळेच आत प्रशस्त माळे मिळाले. छपराच्या सांगाड्याला खिळे नाहीत, दोर आणि लवचीक फांद्यांनी आवळलेला असतो. खालच्या चुलीचा धूर वर जाऊन दोर आणि गवत टिकवतो. वादा घराण्याचं घर आतून बघता येतं. माळ्यावर जायचा जिना फार चढा आहे, सांभाळून. १९९५ पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे, पण घरांत आजही लोक राहतात. उघडं दार दिसलं म्हणून आत शिरू नका.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी, मासा-अंडंही नाही. उपाशी राहायची वेळ येईल का? शेंगाचटणी, कडक भाकरी नेता येईल का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उपाशी नाही राहणार, पण आधी कळवलं नाही तर फसाल. अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे स्वयंपाकाचा मूळ अर्क, बहुधा सुकवलेल्या कात्सुओ माशाचा. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, कधी कधी लोणचंसुद्धा त्यात बनतं. नुसतं ‘व्हेज’ सांगितलं तर स्वयंपाकी मासा काढतो, दाशी तशीच राहते. म्हणून टूर कंपनीला लेखी द्या: ‘मांस, मासा, अंडं, कात्सुओची दाशी नको, कोंबूची चालेल.’ कोंबू ही समुद्री वनस्पती आहे. हाच मजकूर जपानीत छापून प्रत्येकाच्या खिशात ठेवा. खेड्यातल्या मुक्कामी जेवण संध्याकाळी सहा-सातला, आधीच मांडलेलं असतं. तिथे ऐनवेळी बदल होत नाही, निदान आठवडाभर आधी कळवावं लागतं.

बिनघोर खायचं ते किसो खोऱ्यातलं गोहेइमोची, म्हणजे अक्रोड किंवा तिळाची मिसो लावून भाजलेला काडीवरचा भात. क्योतोत नानझेन-जी देवळाजवळ युदोफू, म्हणजे गरम पाण्यातलं टोफू, मिळतं, तिथेही दाशी विचारा. देवळांतलं शोजिन रयोरी, म्हणजे बौद्ध भिक्खूंचं जेवण, पूर्ण शाकाहारी असतं.

भाजक्या शेंगांची चटणी आणि कडक भाकरी न्या. भाकरी स्टीलच्या डब्यात कागद घालून ठेवा, नाहीतर चुरा होतो. कच्चे शेंगदाणे, डाळ-तांदूळ, कढीपत्ता, फळं नकोत, त्यांना वनस्पती तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. घरची इलेक्ट्रिक किटलीही नको: तिथे वीज १०० व्होल्ट, पाणी उकळायला युगं लागतील. फोनचा चार्जर चालतो, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर घ्या.

प्रश्न : आई-बाबा सत्तरीच्या आसपास, आईचे गुडघे दुखतात. मोठ्या बॅगा आणि चालणं जमेल का?
– एक वाचक, होटगी रोड

बॅगांचा प्रश्न सोपा आहे. टोकियोच्या हॉटेलमधून मोठी बॅग कुरिअरने थेट कानाझावाच्या हॉटेलवर पाठवा आणि डोंगरातल्या रात्रींसाठी खांद्यावरची लहान पिशवी ठेवा. अर्जावर बुकिंग ज्या नावाने आहे तेच नाव आणि तिथे पोहोचण्याची तारीख लिहा. औषधं, पॉवर बँक आणि पासपोर्ट त्यात टाकू नका. पासपोर्ट तर परदेशी माणसाने सतत जवळ बाळगायचा असतो. बॅग बरोबरच नेणार असाल तर टोकियो-नागोया-क्योतो बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरपेक्षा मोठ्या बॅगेसाठी ठरावीक सीट आधी राखावी लागते. नाही राखली तर १ हजार येन भरावे लागतात.

चालणं मात्र खरंच जास्त आहे. स्टेशनात लिफ्ट असते, पण बहुधा दुसऱ्या टोकाला. मागोमे ते त्सुमागो ही जुनी डोंगरवाट सुमारे ८ किलोमीटरची, तीन तासांची. आईने ती करू नये, त्याच दोन गावांमध्ये बस आहे. गटातल्या बाकीच्यांनी मागोमेकडून सुरुवात करावी, चढ कमी लागतो. ताटामीवरच्या (जमिनीवरच्या जाड चटईवरच्या) गादीवरून उठताना गुडघ्यांवर ताण येतो, म्हणून पलंगाची खोली आणि जेवणाला खुर्ची बुकिंगच्या वेळीच मागा. चपला-बूट दिवसातून अनेकदा काढावे लागतात, तेव्हा नाडीचे नकोत.

प्रश्न : कधी जावं? व्हिसा आणि औषधांचं काय?
– एक वाचक, सात रस्ता

दिवाळीची सुट्टी उत्तम: ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला टाकायामात पानं रंगलेली असतात. उन्हाळी सुट्टीत २९ एप्रिल ते ५ मेचा आठवडा टाळा, तेव्हा सगळा जपान प्रवासात असतो. त्यानंतर जूनच्या पावसाआधी हवा छान असते.

पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, पण विमानतळावर तो इंटरनेट चालू ठेवून फोनवरच दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही, म्हणून विमानात बसण्याआधी तिथलं सिम किंवा रोमिंग तयार ठेवा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती, चिठ्ठीसह न्या. जास्त लागत असतील तर आधी परवानगी काढावी लागते. कोडीन किंवा स्यूडोएफेड्रीन असलेली खोकला-सर्दीची औषधं घरीच ठेवा, प्रमाण जास्त असेल तर तिथे ती बेकायदा ठरतात.