ब्लास्ट पुस्तकासारखे दिसत नसतील तेव्हा

प्रिय पोरी,

मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाईल लावून तू काढलेला रक्ताच्या स्लाइडचा फोटो मोठा करून करून पाहिला. तू म्हणते सेल ब्लास्टसारखे (रक्ताच्या कॅन्सरमधल्या कच्च्या पेशींसारखे) वाटतात पण कुठल्याच चित्राशी जुळत नाहीत, ग्रॅन्युल म्हणजे दाणे नाहीत, न्यूक्लियस (पेशीचं केंद्रक) मधेच दबलेला, मोनोसाइट ही पांढरी पेशी म्हणू की काय म्हणू. अशा वेळी नाव शोधत बसू नको बाप्पा. पहिले एवढंच विचार, हा एपीएल (एएमएल या वेगाने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) तर नाही ना? बाकीच्या एएमएलचं नेमकं नाव कळायला बहुतेक वेळा दोन-चार दिवस लागले तरी चालतं, एपीएलवाला पेशंट तेवढ्यात मेंदूत रक्तस्राव होऊन जाऊ शकतो, आणि हातात राहिला तर अट्रा (व्हिटॅमिन एपासून बनलेलं औषध) अन् आर्सेनिकवर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. म्हणून इतकी घाई करायला सांगतोय.

एपीएल म्हटलं की आपल्याला ग्रॅन्युलने गच्च भरलेला प्रोमायलोसाइट (अर्धवट वाढलेली पांढरी पेशी) आणि ऑअर रॉडच्या, म्हणजे पेशीतल्या लाल काड्यांच्या, मोळ्या आठवतात. पण मायक्रोग्रॅन्युलर प्रकारात ग्रॅन्युल इतके बारीक असतात की आपल्या मायक्रोस्कोपला दिसतच नाहीत, न्यूक्लियस दोन पाळ्यांचा डंबेलसारखा, आणि डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशींचा) काउंट बहुतेकदा वाढलेला, म्हणजे अगदी मोनोसाइटिक ल्युकेमियाचा भास होतो. इथे एमपीओ स्टेन (ग्रॅन्युलमधलं एक एन्झाइम दाखवणारा रंग) कर. एपीएल असेल तर ग्रॅन्युल दिसत नसले तरी सेल जोरदार रंगतो, मोनोसाइटिकमधे फिका नाहीतर रंगतच नाही. सोबत पीटी, फायब्रिनोजेन आणि डी-डायमर या रक्त गोठण्याच्या तपासण्या लगेच लाव. आणि स्लाइड पाहताना मधल्या भागावर थांबू नको, शेपटीकडे आणि कडांना सरकत जा, मोठे सेल तिकडेच जमा होतात, काउंट कमी असला तर एखादा ऑअर रॉडवाला सेल तिथेच सापडतो.

सोयाबीन काढणीच्या दिवसात तर जास्तच सांभाळ. गावोगाव डेंग्यू, प्लेटलेट कमी, हिरड्यातून रक्त, सगळ्यांचे रिपोर्ट सारखेच दिसतात, आणि मशीन फक्त आकडा देते. प्लेटलेट कमी आहेत म्हणून डेंग्यूच, असं स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) पाहिल्याशिवाय लिहू नको. आपल्याकडे सिकलसेलही भरपूर, त्यात न्यूक्लियसवाल्या लाल पेशी मशीन डब्ल्यूबीसीत मोजून टाकते, म्हणून काउंट वाढलेला दिसला की लगेच घाबरायचंही नाही, आधी डोळ्यांनी पाहायचं.

आता दबलेल्या न्यूक्लियसचं. वाटीसारखा खड्डा पडलेले ब्लास्ट दिसले तर एनपीएम1 या जीनच्या म्युटेशनचा विचार कर, बऱ्याचदा सोबत एफएलटी3-आयटीडी हे दुसरं म्युटेशन पण असतं. गोची अशी की फ्लोमधे (फ्लो सायटोमेट्री, पेशींवरच्या खुणा मशीनने तपासतात ती) अशा केसमधे एचएलए-डीआर आणि सीडी34 या दोन्ही खुणा निगेटिव्ह येऊ शकतात, एपीएलमधेही तसंच, म्हणजे फ्लो पाहूनही फसायला होतं. शेवटी निकाल लागतो पीएमएल-आरएआरए (एपीएलमधे एकमेकांना जोडले गेलेले दोन जीन) तपासल्यावरच. आणि त्याची पीसीआर (जीनची तपासणी) निगेटिव्ह आली पण सेल अजून एपीएलसारखेच दिसतायत तर गप्प बसू नको. आरएआरए दुसऱ्याच जीनला जोडलेला असू शकतो, 11 आणि 17 क्रोमोसोमची अदलाबदल झालेली असली की बहुतेकदा झेडबीटीबी16 असतो आणि त्यात अट्रा नीट काम करत नाही. म्हणून पीसीआर झाली तरी कॅरिओटाइप (क्रोमोसोमची तपासणी) हवाच.

अजून एक, ब्लास्टच्या टक्क्यांवर अडू नको. 8;21 ट्रान्सलोकेशन (8 आणि 21 क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल), ज्यात लांब सडपातळ ऑअर रॉडवाले ब्लास्ट दिसतात, किंवा इन्व्हर्शन 16 (16 क्रोमोसोमचा तुकडा उलटा झालेला), ज्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींमधे जांभळट जाड दाणे दिसतात, हे सापडलं तर ब्लास्ट 20 टक्क्यांच्या खाली असले तरी एएमएलच. इन्व्हर्शन 16 कॅरिओटाइपमधे सहज निसटतं, तसे इओसिनोफिल दिसले तर फिश (चमकणाऱ्या खुणा लावून क्रोमोसोममधला बदल शोधायची तपासणी) मागव.

एपीएलची शंका आली की रिपोर्ट टाईप होईपर्यंत थांबू नको, वॉर्डातल्या डॉक्टरला फोन कर, साधं सांग की एपीएल असू शकतो, आयएम (स्नायूत द्यायचं) इंजेक्शन देऊ नका, प्लेटलेट आणि एफएफपीची (गोठवलेल्या प्लाझ्माची) सोय करा, नागपूरच्या हिमॅटॉलॉजिस्टशी (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरशी) बोला, अट्रा कन्फर्मेशनसाठी थांबवू नका. रिपोर्टमधेही जे जुळत नाही ते जसंच्या तसं लिही, उगाच एखादं नाव देऊन मोकळी होऊ नको.

सॅम्पल नातेवाईकच एसटीने घेऊन जाणार, तर नीट बांधून दे. कॅरिओटाइपला हिरव्या झाकणाची हेपरिन ट्यूब, फ्लो आणि पीसीआरला जांभळी ईडीटीए. सॅम्पल गोठू द्यायचं नाही, उन्हाळ्यात बर्फाचा डबा दिलास तर बर्फ अन् ट्यूबच्या मधे कापडाची जाड घडी ठेव, कॅरिओटाइपला जिवंत सेल लागतात. न रंगवलेल्या दोन-तीन स्लाइड सोबत टाक. चिठ्ठीवर नुसतं एएमएल लिहू नको, एपीएलची शंका, पीएमएल-आरएआरए अर्जंट, असं मोठ्या अक्षरात लिही, खाली तुझा मोबाईल नंबर टाक आणि सॅम्पल पोचायच्या आधी तिथल्या लॅबला स्वतः फोन करून ठेव.

तुझे सर