अणुऊर्जा प्रकल्पाजवळ राहावे की नाही? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अणुऊर्जा प्रकल्पाच्या परिसरात घर घ्यावे का, नोकरीसाठी तिथे कुटुंब न्यावे का, असलेले घर सोडावे का, असे विचारणारी पत्रे माझ्याकडे सतत येत असतात आणि त्यांपैकी बहुतेकांत एकच गफलत झालेली असते. प्रकल्प सुरळीत चालू असताना आसपासच्या लोकांना मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा आणि अपघात झाल्यास उद्भवणारी परिस्थिती या दोन गोष्टी एकत्र कालवल्या जातात. पहिलीबद्दल मला भरपूर विचारले जाते, दुसरीबद्दल क्वचितच. किरणोत्सर्ग सुरक्षेच्या क्षेत्रात काम करणारी व्यक्ती म्हणून मला हे प्रमाण उलटे असायला हवे असे वाटते, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : प्रकल्पाच्या उंच, रुंद मनोऱ्यांतून दिवसरात्र पांढरा धूर निघताना दिसतो. मुलांना बाहेर खेळू द्यावे का?

उत्तर : ती शीतकरण मनोऱ्यांतून निघणारी पाण्याची वाफ आहे, धूर नाही, मुलांना खुशाल खेळू द्या.

प्रश्न : प्रकल्पापासून किती किलोमीटर अंतरावर राहणे सुरक्षित समजावे? कोणी पाच सांगतात, कोणी पन्नास.

उत्तर : असा एक आकडा नाही, आणि जो कोणी तो छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आधी प्रकल्प नेहमीसारखा चालू आहे असे धरू. जमीन, खडक, हवेतील रेडॉन वायू, अवकाशातून येणारे किरण आणि आपले अन्न यांतून जगातील माणसाला सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) एवढी नैसर्गिक मात्रा मिळतच असते. तिच्याव्यतिरिक्त, आणि वैद्यकीय तपासण्या वगळून, सर्वसामान्य नागरिकाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळू नये अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे, आणि नीट चालणाऱ्या प्रकल्पाच्या कुंपणालगत राहणाऱ्यांनाही तिचा अगदी लहानसा अंशच मिळतो. या बाबतीत तीन किलोमीटर आणि तीस किलोमीटर यांत आरोग्याच्या दृष्टीने विचारात घ्यावा असा फरक नाही.

अपघाताच्या वेळी अंतराला अर्थ असतो, पण तिथेही वारा आणि पाऊस त्याचे गणित बदलून टाकतात. १९८६ मध्ये युक्रेनमधील चेर्नोबिल प्रकल्पाच्या अपघातात बाहेर पडलेले सीझियम हे किरणोत्सर्गी द्रव्य सुमारे २०० किलोमीटरवर पाऊस पडला तिथे दाट साचले आणि त्याहून जवळचे काही भाग तुलनेने स्वच्छ राहिले. जपानमधील फुकुशिमा प्रकल्पाच्या वायव्येकडील इताते या गावाचा बहुतांश भाग ३० किलोमीटरपलीकडे होता, तरीही एप्रिल २०११ मध्ये तो रिकामा करण्याचा निर्णय घ्यावा लागला. म्हणून घर पाहताना किलोमीटर मोजण्याआधी त्या जागेचा आपत्कालीन क्षेत्राचा नकाशा आणि तिथे वारा वर्षभर कोणत्या दिशेने वाहतो याची नोंद मागून घ्यावी. प्रकल्पाच्या नियामक संस्थेकडे किंवा स्थानिक प्रशासनाकडे दोन्ही मिळायला हवेत.

प्रश्न : पत्नी गरोदर आहे. प्रकल्पाजवळच्या मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग अधिक आढळतो असे नातेवाईक सांगतात. हे खरे आहे की अफवा?

उत्तर : ही निव्वळ अफवा नाही, पण नातेवाईक सांगतात तितके ते सरळही नाही. जर्मनीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १६ प्रकल्पांच्या परिसरातील पाच वर्षांखालील मुलांच्या १९८० ते २००३ या काळातील नोंदी तपासल्या गेल्या. पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे ३७ रुग्ण आढळले. अपेक्षित संख्या सुमारे १७ होती. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मात्र त्या प्रकल्पांतून मिळणारी मात्रा नैसर्गिक मात्रेच्या हजाराव्या भागाहूनही कमी होती, त्यामुळे आज ज्ञात असलेल्या किरणोत्सर्गाच्या परिणामांनी त्याचे स्पष्टीकरण होत नाही, असे खुद्द संशोधकांनीच नमूद केले. ब्रिटनमधील तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये आपल्याकडील प्रकल्पांची तशीच छाननी केली तेव्हा तिथे लक्षणीय वाढ आढळली नाही. कारण अजून निश्चित झालेले नाही, आणि ‘सिद्ध झाले आहे’ व ‘काहीच नाही’ असे म्हणणारे दोघेही पुराव्याच्या पुढे जाऊन बोलत आहेत.

हा आजार मुळातच दुर्मीळ आहे, त्यामुळे त्याची शक्यता दुप्पट धरली तरी ती फार लहानच राहते. तरीही घर निवडण्याचे स्वातंत्र्य असेल आणि पाच किलोमीटरच्या आतले घर घेण्यास दुसरे काही सबळ कारण नसेल, तर थोडे लांबचे घर घेण्यात मला गैर काही दिसत नाही. पत्नीच्या प्रसूतितज्ज्ञांशी ही चिंता मोकळेपणाने बोलावी, आणि कोणत्याही कारणासाठी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन सुचवला गेला तर गर्भधारणेची कल्पना तपासणीआधी अवश्य द्यावी. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण आठ ते दहा मिलिसिव्हर्ट मात्रा मिळू शकते आणि तिच्याबद्दल मला कोणी पत्र लिहीत नाही.

प्रश्न : किरणोत्सर्ग शोषून घेणारे लॉकेट बाजारात मिळते. कुटुंबातील सर्वांसाठी घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. गळ्यात अडकवलेली कोणतीही चकती शरीराभोवतीचा किरणोत्सर्ग शोषून घेऊ शकत नाही. उलट, २०२१ च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्सच्या नियामक संस्थेने लहरींपासून संरक्षण देण्याच्या नावाखाली विकली जाणारी दहा उत्पादने तपासली, तेव्हा ती स्वतःच किरणोत्सर्गी असल्याचे आढळले आणि ती वापरणे ताबडतोब थांबवावे असे तिला जाहीर करावे लागले. त्यांत लॉकेट होते आणि लहान मुलांसाठीचे कडेही होते. भीतीवर पोसलेला हा धंदा मला अत्यंत संतापजनक वाटतो. असे काही घरात आले असेल तर ते कोणालाही घालायला देऊ नका, बंद करून बाजूला ठेवा आणि त्याची विल्हेवाट कशी लावायची ते नियामक संस्थेला विचारा.

प्रश्न : आयोडीनच्या गोळ्या आधीपासून घेत राहिल्या तर शरीर तयार राहते का? गोळ्या मिळाल्या नाहीत तर आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन चालेल का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. पोटॅशियम आयोडाइडची गोळी थायरॉईड ग्रंथी साध्या आयोडीनने भरून टाकते, म्हणजे अपघातात बाहेर पडणाऱ्या किरणोत्सर्गी आयोडीनला तिथे जागा मिळत नाही. हे संरक्षण फक्त त्या एका ग्रंथीचे आणि तेही मर्यादित काळापुरते असते. सीझियमवर किंवा बाहेरून येणाऱ्या किरणांवर तिचा काही उपयोग नाही. संपर्क होण्याच्या आधीच्या २४ तासांत किंवा त्यानंतर दोन तासांच्या आत घेतल्यास ती सर्वाधिक परिणामकारक ठरते आणि फार उशिरा घेतल्यास फायद्यापेक्षा अपायच होऊ शकतो. प्रौढांसाठी मात्रा १३० मिलिग्रॅम असते, मुलांसाठी वयानुसार कमी. मिठातून तेवढे आयोडीन मिळवायचे तर काही किलो मीठ खावे लागेल, म्हणजे आयोडीनआधी मीठच जीवावर बेतेल. जखमेवर लावायचे आयोडीनचे औषध पिण्याचा सल्ला कोणी दिला तर तो धुडकावून लावावा. गर्भवती, बाळंतीण, अर्भके आणि लहान मुले यांना ही गोळी आधी मिळायला हवी, आणि चाळिशीनंतर तिचा लाभ कमी होत जातो. घरात थायरॉईडचा कोणी रुग्ण असेल तर डॉक्टरांचा सल्ला आजच घेऊन ठेवा. अधिकृत सूचना मिळाल्याशिवाय गोळी घेऊ नका.

प्रश्न : माझे वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. प्रकल्पापासून सात किलोमीटरवर स्वस्तात चांगले घर मिळते आहे. त्यांच्या दृष्टीने किरणोत्सर्ग अधिक घातक ठरेल का?

उत्तर : तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला किरणोत्सर्गाची चिंता कमी आणि त्यांना हलवण्याची चिंता फार मोठी वाटते. हे मी जरा विस्ताराने लिहितो, कारण घर घेताना हा विचार जवळजवळ कोणीच करत नाही.

११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामीमुळे फुकुशिमा प्रकल्पात अपघात झाला, तेव्हा रात्री नऊच्या सुमारास दोन किलोमीटरच्या आतील लोकांना बाहेर पडण्यास सांगण्यात आले. अर्ध्या तासात ती मर्यादा तीन किलोमीटर झाली, दुसऱ्या दिवशी पहाटे दहा आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत वीस. एका दिवसाच्या आत सीमा तीनदा पुढे सरकली, आणि ती सरकत असताना रस्ते भूकंपाने उखडलेले होते, दूरध्वनी बंद होते, इंधनाची टंचाई होती. प्रकल्पापासून पाच किलोमीटरच्या आतल्या एका रुग्णालयातून आणि त्याला जोडलेल्या वृद्धाश्रमातून बाहेर काढण्यात आलेल्या वृद्धांपैकी काहींचा बसमधला प्रवास दहा तासांच्या आसपास चालला. सोबत वैद्यकीय कर्मचारी नव्हते, सलाईन नव्हते, आडवे झोपण्यास जागा नव्हती. त्या स्थलांतरात आणि त्यानंतरच्या दिवसांत तिथले चाळीसहून अधिक रुग्ण दगावले, आणि ते किरणोत्सर्गाने दगावले नाहीत. त्या प्रांतात भूकंप व त्सुनामीचा प्रत्यक्ष आघात वगळता स्थलांतराचे हाल आणि त्यानंतरची आबाळ यांमुळे झालेले दोन हजारांहून अधिक मृत्यू सरकारने आपत्तीशी संबंधित म्हणून मान्य केले आहेत. किरणोत्सर्गामुळे तेथील रहिवाशांच्या आरोग्यावर थेट दुष्परिणाम झाल्याचे मात्र संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला आढळलेले नाही.

म्हणून घराचा व्यवहार करण्याआधी आपत्कालीन आराखडा मागवा आणि तो वाचा. तुमचे घर कोणत्या विभागात येते, भोंगा तिथपर्यंत ऐकू येतो का, मुख्य रस्ता बंद झाल्यास दुसरा रस्ता कोणता, शाळेतली मुले परस्पर कुठे नेली जाणार, हे त्यात लिहिलेले असायला हवे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जो माणूस उठून बसू शकत नाही त्याला कोण उचलणार, कोणत्या वाहनातून नेणार आणि कोणते रुग्णालय त्याला दाखल करून घेणार. ‘रुग्णवाहिकेची व्यवस्था करण्यात येईल’ हे वाक्य म्हणजे व्यवस्था नव्हे. किती रुग्णवाहिका, कोणाच्या ताब्यात, किती वेळात, हे विचारा आणि शेवटचा सराव कधी झाला तेही विचारा. परावलंबी व्यक्तींची नोंदवही असल्यास वडिलांचे नाव घर घेतल्याच्या दिवशीच नोंदवा; पुढच्या महिन्यात पाहू असे म्हणणाऱ्यांचे नाव त्या वहीत कधीच येत नाही. त्यांच्या डॉक्टरांकडून औषधांची यादी, प्राणवायू लागत असल्यास त्याचे प्रमाण आणि प्रवासात कसे झोपवायचे याच्या सूचना लिहून घ्या. काही वेळा अशा रुग्णाने घाईने बाहेर पडण्यापेक्षा दारे-खिडक्या बंद करून घरातच थांबणे अधिक सुरक्षित असते, पण तो निर्णय डॉक्टरांशी आणि आपत्कालीन अधिकाऱ्यांशी आधीच बोलून ठरवायचा असतो. या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे लेखी मिळाली नाहीत तर घर कितीही स्वस्त असले तरी वडिलांना घेऊन तिथे जाऊ नका, असेच मी म्हणेन.

प्रश्न : परिसरातील दूध, भाज्या आणि मासे खावेत का?

उत्तर : प्रकल्प नेहमीसारखा चालू असताना खावेत, अपघातानंतर प्रशासनाची परवानगी मिळेपर्यंत खाऊ नयेत, विशेषतः मुलांना तिथले दूध देऊ नये. चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉईडचा कर्करोग वाढला त्यामागे किरणोत्सर्गी आयोडीन मिसळलेले दूध हे मुख्य कारण होते, आणि ते रोखता आले असते.

प्रश्न : मध्यस्थ म्हणतो की प्रकल्प दोन वर्षांत बंद होणार आहे, त्यामुळे काळजीचे कारण नाही आणि घराची किंमत मात्र वाढेल.

उत्तर : मध्यस्थाला घर विकायचे आहे. अणुभट्टी बंद केली तरी इंधनातील उष्णता लगेच संपत नाही. बंद केल्या क्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सुमारे सहा ते सात टक्के असते, सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर हळूहळू घटते. वापरलेले इंधन काही वर्षे पाण्याच्या कुंडात थंड ठेवावे लागते आणि अन्यत्र नेण्याची सोय नसेल तर पुढे दशकानुदशके त्याच आवारात राहते. भूकंपाच्या वेळी फुकुशिमातील चौथी अणुभट्टी देखभालीसाठी बंदच होती, तरीही तिच्या कुंडातील इंधनाची काळजी जगभरच्या तज्ज्ञांना लागून राहिली होती. धोका कमी होत जातो हे खरे, पण तो तारीख ठरवून संपत नाही. प्रकल्प खरोखर बंद होणार का आणि इंधनाचे पुढे काय होणार, हे नियामक संस्थेकडूनच खात्री करून घ्या.

प्रश्न : घराचा विमा उतरवलेला आहे. अपघात झाल्यास नुकसानभरपाई मिळेल ना?

उत्तर : बहुधा त्या विम्यातून मिळणार नाही. घराच्या बहुतेक विमापत्रांत अणुअपघातामुळे होणारे नुकसान वगळल्याचे कलम असते, कारण अशा नुकसानीची जबाबदारी स्वतंत्र कायद्याने प्रकल्प चालवणाऱ्यावर टाकलेली असते. त्या भरपाईला कमाल मर्यादा असू शकते आणि दावा करण्याची मुदतही ठरलेली असते. खरेदीखतावर सही करण्याआधी विमापत्रातील वगळलेल्या बाबींचे पान विमा कंपनीकडून समजून घ्या आणि भरपाईचा कायदा वकिलाला विचारा.