यंत्र नसताना मक्याला जमिनीनुसार कमी-जास्त खत देण्यासाठी गटाला कसं पटवू?

दादा, गटात मका-ज्वारीवाले आहेत, जमीन बघून खत कमी-जास्त द्यायला ते तयार होत नाहीत आणि त्याचं यंत्र परवडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी अमळनेर-चोपडा पट्ट्यातल्या गटांबरोबर हेच काम करतो.

यंत्राचं सध्या सोडा. आणि 'युरिया वाचेल' असं सांगून तर सुरुवात करूच नका. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. एकरी अर्धी वाचली तरी हाती येतात सव्वाशे-दीडशे रुपये, तेवढ्यासाठी वावरात दोन मापं कोण सांभाळेल? (टंचाईत गोणीसाठी रांग लागली की मात्र हाच मुद्दा चालतो.) बोलायचं ते डीएपीवर (नत्र-स्फुरदाचं खत) आणि उत्पन्नावर.

पहिल्या बैठकीत नकाशा दाखवू नका, शेतकऱ्यालाच वावर कागदावर काढायला सांगा. 'माले माहीत शे' (मला माहीत आहे) म्हणत तो बरड म्हणजे मुरमाड जमीन कुठे, काळी कुठे, पाणी कुठे तुंबतं हे पटापट दाखवतो. दोन-तीन तुकडे पुरेत. रब्बीत उपग्रहाचं चित्र ताडून बघायला बरं, खरिपात ढगच जास्त.

आता खरी अडचण. 'जिथे पीक कमी, तिथे खत जास्त' असंच सगळ्यांना वाटतं. पण मुरूम वर आलेल्या तुकड्यात कमी पडते ती ओल. तिथे वाढवलेलं खत वाया जातं. तिथे एकूण मात्रा कमी ठेवून ती जास्त हप्त्यांत द्यायची. उलट खोल काळीत पीक पिवळं दिसलं तर नत्र कमी आहे, जस्त कमी आहे की नुसतं पाणी साचलंय, हे आधी बघावं लागतं. म्हणून प्रत्येक तुकड्याचा माती नमुना वेगळा. जमीन आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका: त्या योजनेत बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना धरला होता, म्हणजे माती शेजाऱ्याच्या वावरातली असू शकते. तपासणीसाठी ममुराबाद, पाल, धुळे, नंदुरबार यांपैकी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

मक्याची शिफारस हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश १२०:६०:४० किलो. पालाश सोडला तर एकरी साधारण एक गोणी डीएपी आणि दोन गोण्यांना थोडा कमी युरिया. अहवालात स्फुरद भरपूर निघालं त्या तुकड्यात डीएपी पाव हिश्शाने कमी करा, कमी निघालं तिथे तेवढंच वाढवा. पेरणी यंत्राच्या खताच्या पेटीचा दांडा तुकडा बदलताना सरकवायचा, एवढंच काम. हद्दीवर चुन्याची रेघ मारा, नाहीतर ट्रॅक्टरवाला उतरून बघणार नाही. युरियाचे नंतरचे हप्ते हातानेच पडतात, तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या गोण्या आदल्या दिवशी मोजून त्याच बांधावर टाका. मजूर बायांना ऐन वेळी प्रमाण सांगत बसू नका.

प्रत्येक वावरात चार ओळी जुन्याच पद्धतीने ठेवा आणि त्यांची कणसं शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत वेगळी तोलून घ्या. सुरुवातीला सगळा गट नको, ज्यांच्या वावरात बरड आणि काळी दोन्ही आहेत असे तिघे-चौघेच घ्या. सपाट एकजात काळीवाल्याला फरक दिसणार नाही आणि तोच गावभर 'काही उपयोग नाही' म्हणत फिरेल. खत विकणाऱ्या कृषी केंद्रवाल्या दुकानदारालाही बैठकीला बोलवा, कारण उधारी त्याची असते आणि बऱ्याच ठिकाणी किती गोण्या न्यायच्या हे तोच ठरवतो.